लुईझाच्या माहेरची माणसं

फ्लॉसीबायनं बैठक भावाच्या घरी बोलावली, आणि भावाला ते सगळ्यांच्या शेवटी कळलं. रविवारची दहाची मिस्सा सुटली, इग्नेशियस चर्चच्या पायऱ्या उतरत होता, तेव्हा ती मागून म्हणाली, "इनास, चहाचं आधण ठेव. आम्ही येतोच."

आम्ही म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती. फ्लॉसी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, चौऱ्याहत्तरची. गिरीजच्या तुस्कानो घराण्यात लग्न, बाप्तिस्मा, मयत यांतलं काही तिच्या संमतीशिवाय होत नसे. मयताच्या बाबतीत तिचा नाइलाज होता, पण माणूस गेल्यानंतरचं सगळं ती हातात घ्यायची.

इग्नेशियसनं घरी येऊन आधण ठेवलं. येत्या शनिवारी त्याच्या बायकोला, लुईझाला जाऊन वर्ष होणार होतं. या वर्षात तो चहा शिकला होता, डाळ शिकला होता. भात अजून जमत नव्हता. कधी कच्चा राही, कधी त्याची खळ होई. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून इंजिनं उघडली, पण घरातला कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा ते कधी विचारलं नव्हतं.

पहिला आला पास्कल, धाकटा भाऊ. काखेत फ्लेक्सची गुंडाळी. पास्कल उमेळ्याला राहायचा, स्वतःच्या चिकूच्या बागेवर बांधलेल्या इमारतीत. इमारतीला त्यानं बागेचं नाव दिलं होतं, कारण बाग उरली नव्हती. त्याच्या मागून फ्लॉसीबाय आली आणि शेवटी हिना, इग्नेशियसची मुलगी. ती माणिकपूरच्या शाळेत शिकवायची आणि आत्याच्या बैठकीला नेहमी दहा मिनिटं उशिरा यायची, म्हणजे प्रार्थना टळते.

"विषय एकच," फ्लॉसीबाय खुर्ची ओढत म्हणाली. "शनिवारी पहिल्या बाकावर कोण बसणार?"

तुस्कानोंच्या घरात एक रीत होती. बाईमाणूस गेलं, की तिच्या मिस्सेला डावीकडचा पहिला बाक तिच्या माहेरच्या माणसांचा. बिशप आले तरी त्या बाकावर माहेरच बसणार. लुईझाच्या दफनाला त्या बाकावर दोन सिस्टर बसल्या होत्या, कारण लुईझा त्यांच्याच आश्रमात वाढली होती. चार दिवसांचं मूल दाराशी कुणीतरी आणून दिलं, एवढीच तिच्या माहेरची हकिकत. बाकाची बाकीची जागा रिकामी राहिली. मागं लोक उभे होते, तरी तिथं कुणी बसलं नाही. इग्नेशियसला त्या दिवसाचं दुसरं फारसं आठवत नव्हतं. ती रिकामी फळी आठवत होती.

आणि आता माहेर सापडलं होतं.

ही सगळी करामत पास्कलच्या मुलाची, हृतिकची. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात तो टोरांटोहून आला तेव्हा सगळ्यांसाठी एकेक पेटी घेऊन आला. चॉकलेटं असतील म्हणून सगळे खूश झाले. आत निघाल्या नळ्या. त्यात थुंकायचं, पाठवायचं, आणि मग जगात आपलं रक्ताचं कोण कोण आहे ते फोनवर कळणार. पास्कलनं छाती काढून नळी भरली. त्याचं म्हणणं, आपण मूळचे सामवेदी ब्राह्मण, चारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला म्हणून रक्त थोडंच बदलतं? फ्लॉसीबायला पोर्तुगीज रक्ताची खात्री होती. आजीचे डोळे घारे होते, असं ती सांगायची. आजीचा एकच फोटो होता, तोही काळापांढरा.

निकाल आला तो दोघांचाही सारखाच. पश्चिम किनारा, नव्व्याण्णव टक्के. ना पोर्तुगाल, ना वेद. उरलेल्या एका टक्क्यावर दोघांनी आठवडाभर भांडण केलं. खाली लांबच्या भावंडांची यादी होती आठशे जणांची, आणि त्यात अर्धं चर्च होतं. ज्याच्याशी बांधाच्या वादात फ्लॉसीबाय बारा वर्षं बोलत नव्हती, तो शेजारचा जोसेफही त्यात निघाला.

"हे यंत्र बिघडलेलं आहे," ती तेव्हा म्हणाली होती.

"आत्या, आपण चार पिढ्या आपसातच लग्नं लावतोय. दुसरं काय निघणार?" हिनानं सांगितलं होतं.

लुईझाची नळी भरायला सगळ्यांत उशीर लागला. औषधांनी तिचं तोंड कोरडं पडायचं. शेवटी इग्नेशियसनं तिच्यासमोर बसून लिंबू कापलं, नुसतं बघायला, तेव्हा कुठं तोंडाला पाणी सुटलं. तिला हसू आवरत नव्हतं. निकालात तिच्या जवळच्या नातलगांचा रकाना रिकामा आला. तरी दर रविवारी ती हिनाला विचारायची, "आलं का कुणी?" वर्षभर विचारलं. मग ती गेली, आणि ती गेल्यावर अकरा महिन्यांनी कुणीतरी आलं.

विनिता नावाच्या मुलीचा निरोप होता. ती आयर्लंडला नर्स होती. तिनं आपल्या आजीची तपासणी करून घेतली होती आणि आजीच्या यादीत पहिलं नाव आलं होतं लुईझा तुस्कानो. नातं, सावत्र बहीण. आई एक, बाप वेगळे.

पहिले दहा दिवस घराण्यात आनंदीआनंद होता. आयर्लंड! फ्लॉसीबायनं मिस्सेनंतर दोन रविवार सगळ्यांना धरून धरून सांगितलं, की आमची लुईझा मुळात परदेशातल्या घराण्यातली. हयातीत तिला "आश्रमातली" म्हणणारी फ्लॉसी आता "आमची लुईझा" म्हणू लागली. पास्कलच्या धाकट्या मुलीला नर्सिंगला परदेशी जायचं होतं. त्यानं लगेच वंशवृक्षाचा फ्लेक्स नव्यानं छापायला दिला आणि लुईझाच्या चौकटीच्या वर जागा सोडायला सांगितली. बुधवारी हिनानं बातमी दिली, की विनिता आयर्लंडला असली तरी तिची आजी, पॉलिन, इथंच असते. पाचूबंदरला. आयुष्यभर मासळी विकली, आता गुडघ्यांमुळे घरी बसते.

रविवारी बैठक.

"माझ्या मनात काही नाही," फ्लॉसीबाय म्हणाली. "देवापुढं सगळे सारखे. पण बाक पहिला आहे, इनास. सगळ्या गावासमोर."

"देव कुठल्या बाकावर बसतो, आत्या?" हिनानं विचारलं.

"तू शाळेत प्रश्न विचार. इथं मोठी माणसं बोलताहेत."

पास्कलनं मधला मार्ग काढला. पास्कलला मधला मार्ग नेहमी सापडायचा, कारण तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घर बांधून असायचा. "असं करू. बाकावर सिस्टरांना बसवू, गेल्या वेळेसारखं. त्या पॉलिनबाईंना मानानं दुसऱ्या रांगेत. आणि फ्लेक्सवर लिहू, माहेर आयर्लंड. खोटं नाही, नात तिथंच आहे."

"आईचं माहेर तिच्या बहिणीच्या नातीच्या नोकरीच्या गावाला?" हिना म्हणाली. "वा, काका. मग तुमचं घराणं टोरांटोचं."

"आपलं रक्त वेगळं आहे, हिना. पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं."

हिनानं फोन काढला. "हे मम्मीचे आकडे, हे तुमचे. पश्चिम किनारा, नव्व्याण्णव टक्के. आणि नव्व्याण्णव टक्के. फरक दाखवा."

पास्कलनं चष्मा लावून दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाला, "एक टक्का वेगळा असू शकतो."

"इनास, तू का गप्प?" फ्लॉसीबायनं विचारलं. "बायको तुझी होती."

इग्नेशियस कप गोळा करत होता. त्याला काय हवं ते त्याला पक्कं माहीत होतं. शनिवारी तो बाक भरलेला हवा होता, आणि बसणारं माणूस लुईझाच्या रक्ताचं हवं होतं. गुरुवारी तो त्यासाठी पाचूबंदरला निघालाही होता, आणि चौकातूनच परतला होता. कुणाकडे जाऊन काय म्हणायचं? तुमची बहीण सापडली, पण ती नाही उरली?

"मला वाटतं..." तो म्हणाला, आणि तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

उतरलेल्या बाईनं आधी एक पाय खाली टेकवला, गुडघा धरला, मग दुसरा. निळं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी, हातात काही नाही. ती ओटीच्या पायरीशी आली आणि इग्नेशियसच्या हातातले कप गळायचेच राहिले. चेहरा लुईझाचा नव्हता. रंग वेगळा, बांधा वेगळा. पण पायरी चढण्याआधी तिनं दोन्ही भुवया किंचित वर केल्या, घरात पाऊल टाकताना लुईझा करायची तशा.

"इग्नेशियस तुस्कानोंचं घर हेच ना?" ती म्हणाली. "मी पॉलिन. पाचूबंदरची."

फ्लॉसीबाय उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. "या या. आम्ही आत्ता तुमचंच नाव काढलं होतं."

पॉलिननं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला मी ओळखते, बाय. माणिकपूरच्या बाजारात यायच्या तुम्ही. पापलेटाचा कल्ला तीनदा उघडून बघायच्या, आनि बोंबील घेऊन जायच्या."

हिना पाणी आणायला म्हणून आत गेली. आतून ती खोकल्यासारखा आवाज काढत होती.

"शनिवारच्या मिस्सेचं आम्ही तुम्हाला कळवणारच होतो," पास्कल म्हणाला. "दुसऱ्या रांगेत तुमच्यासाठी खास..."

"मी बोलावनं घ्यायला आले नाही," पॉलिन म्हणाली. "आमच्यातही बैठक झाली. माझा भाऊ सायमन म्हनतो, वाडीवाल्यांशी नातं नको. मासळी घेतात आनि हात पुसतात. माझी वहिनी म्हनते, त्या लोकांच्यात सून कशी नांदली असेल, आधी ते बघ. म्हनून बघायला आले."

तुस्कानोंच्या तीन पिढ्यांत असं कधी घडलं नव्हतं. आपण कुणाला पसंत करायचं हे ते ठरवत आले होते. आपल्यालाही कुणी नापसंत करू शकतं, ही गोष्ट पास्कलच्या तोंडावर स्पष्ट दिसली. त्यानं फ्लेक्स खुर्चीमागं सरकवला.

पॉलिन कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली. इग्नेशियस मागोमाग गेला. तिनं कोनाड्यातले डबे उघडून बघितले, पातेल्यावरचं झाकण काढलं, भाताचं शीत बोटांनी दाबलं.

"कच्चा आहे."

"हो," इग्नेशियस म्हणाला.

मधल्या खोलीत लुईझाच्या फोटोसमोर ती बराच वेळ उभी राहिली. "आमच्या आईची हनुवटी," ती म्हणाली. "आई जाताना मला बोलली. तुला थोरली बहीन आहे, सिस्टरांकडे दिली. लग्न नव्हतं झालं ना तिचं तेव्हा. सोळा वर्षांची होती. नाव नाही ठेवलं, नाव ठेवलं तर सोडवलं नसतं म्हनाली. मी शोधनार कुठं? नातीनं नळीत थुंकायला लावलं, तेव्हा नाव कळलं." तिनं पदरानं फोटोची काच पुसली. काच स्वच्छच होती. "आनि नाव कळलं तेव्हा सोबत तारीख पन कळली."

मग ती ओटीवर येऊन खुर्चीत बसली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या बहिनीला या घरात सुख होतं?"

"सोन्यासारखी ठेवली हो तिला," फ्लॉसीबाय म्हणाली. "कुणाला विचारा."

"तुम्हाला नाही विचारलं, बाय. भावजींना विचारलं."

भावजी. इग्नेशियसला एकोणसत्तराव्या वर्षी प्रथमच कुणी भावजी म्हणत होतं. तो ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. खोटं बोलायला हरकत नव्हती. तसं बोलणं सोपं होतं आणि सगळे त्यासाठी थांबले होते.

"अर्धं होतं," तो म्हणाला.

"इनास!" फ्लॉसीबाय म्हणाली.

"लग्नात ही फ्लॉसीबाय म्हणाली, नवरीच्या बाजूचं कुणी नाही तर वाजंत्री कशाला. मी बरं म्हटलं. लुईझाला वाजंत्री हवी होती, मला ते नंतर कळलं. पहिली पाच वर्षं तिला सणाला पुढं घेत नव्हते. मी बघायचो आणि कामावर जायचो." तो थांबला. "आमचं भांडण झालं ना, की... बाकीच्या बायका माहेरी जातात. दोन दिवस राहतात, नवरा आणायला जातो. हिला जायला जागा नव्हती. ही मागं केळीत जाऊन बसायची."

"आनि तुम्ही आनायला जायचे?"

"नाही."

"का?"

"भूक लागली की ती आपोआप यायची."

हिना दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"भूक लागायची कुनाला?" पॉलिननं विचारलं.

इग्नेशियसनं विचार केला. "मला," तो म्हणाला.

मग पॉलिन त्याला जे बोलली ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बाजारात पन्नास वर्षं बसलेल्या बाईचा आवाज होता तो, तीन वाड्यांपलीकडे गेला. घरामागं वीस पावलांवर बायको बसली आहे आणि हा पुरुष चुलीकडे बघतो! हाताला काय लकवा झाला होता? आमचा सायमन तेव्हा इथं असता तर याच केळीला बांधून ठेवला असता. बाई तोंडानं सांगत नाही म्हणून तिला दुखत नाही, असं कुठल्या शाळेत शिकवलं?

जोसेफ बांधावर येऊन उभा राहिला होता. फ्लॉसीबायनं बारा वर्षांनी प्रथम त्याच्याकडे बघितलं, आणि खुणेनं त्याला जायला सांगितलं.

इग्नेशियस खाली मान घालून ऐकत होता. वर्षभर जो येईल तो त्याला सांगत होता, देवाची मर्जी. फादर म्हणाले, तुम्ही तिचं सगळं केलंत. शेजारी म्हणाले, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. प्रत्येक वेळी त्याच्या छातीवर आणखी एक धोंडा चढायचा. आज पहिल्यांदा कुणीतरी रागावलं होतं, लुईझाच्या बाजूनं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वर्षात पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

पॉलिन दमून थांबली. हिनाच्या हातून पाणी घेऊन प्यायली.

"पन खरं बोललात," ती म्हणाली. "तुम्ही म्हनाले असते सोन्यासारखी ठेवली, तर मी उठून गेले असते."

फ्लॉसीबायनं फाटकाकडे बघितलं.

"शनिवारी याल?" इग्नेशियसनं विचारलं. "पहिल्या बाकावर. ती तुमचीच जागा आहे."

"मी एकटी कशी येऊ? माहेर म्हनजे काय मी एकटी? सायमन आहे, वहिनी आहे, मुलं आहेत. माहेरला घरी येऊन बोलावतात, भावजी. फाटकातून हाक मारून नाही."

"कधी येऊ?"

"सायमन दुपारी घरीच असतो."

इग्नेशियस आत गेला, शर्ट बदलून आला. पास्कल तोवर पॉलिनशेजारच्या खुर्चीत सरकला होता. "विनिता आयर्लंडला कुठल्या परीक्षेनं गेली, पॉलिनबाय? आमच्या धाकटीला मार्गदर्शन झालं तर... शेवटी आपण एकच कुटुंब."

"पास्कल," फ्लॉसीबाय म्हणाली, "तू पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्या रांगेत होतास."

"माणसानं काळाप्रमाणं बदललं पाहिजे, बाय."

"इनास, विचार कर," फ्लॉसीबाय आता एकटी पडली होती, पण आवाज तोच होता. "पहिल्या बाकावर पंधरा कोळी बसले तर गाव काय म्हणेल?"

"बाक दहा माणसांचा आहे," इग्नेशियस म्हणाला. "पाच जण तुझ्या बाकावर बसतील. तुला यायचं तर ये, नाहीतर राहू दे."

इतकं लांब वाक्य भावानं आपल्याला ऐकवल्याचं फ्लॉसीबायला आठवत नव्हतं. तिनं पास्कलकडे बघितलं. तो फोनवर विनिताचं नाव टिपून घेत होता. हिनाकडे बघितलं, ती चपला घालत होती. फाटकाबाहेर रिक्षावाल्यानं रिक्षा सुरू केली तेव्हा फ्लॉसीबाय आतून केळीचा एक फणा घेऊन धापा टाकत आली आणि पॉलिनला सरकायला सांगून मागं बसली.

"रिकाम्या हातानं निघालाय सासरी," ती म्हणाली. "आणि तिथं जाऊन बोलणार काय? बोलावणं कसं करतात ते याला कुणी शिकवलंय?"

हिनाला जागा उरली नाही. ती फाटकाशी उभी राहून हसत होती. इग्नेशियस पुढं चालकाच्या बाजूला अर्धा बसला. मागं दोघी बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. वाटेतल्या किल्ल्यापर्यंत दोघी दोन बाजूंना बघत होत्या. किल्ला मागं पडल्यावर फ्लॉसीबायनं विचारलं, "गुडघ्याला काय लावता?" तिथून पाचूबंदरपर्यंत त्या तेलांवर बोलत होत्या.

सायमनचं घर समुद्राच्या कडेला होतं. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते. सायमन दारातच उभा होता. जाडजूड म्हातारा, बनियनवर, हातात जाळं विणायची सुई. पॉलिन आत गेली नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, म्हणजे आता ती या बाजूची होती.

फ्लॉसीबायनं घसा साफ केला. "आम्ही गिरीजचे तुस्कानो. आमच्या घराण्याच्या वतीनं..."

सायमननं तिच्याकडे बघितलंच नाही. तो इग्नेशियसकडे बघत होता.

"तुम्ही कोन?"

"लुईझाचा नवरा," इग्नेशियस म्हणाला. "या घरचा जावई. शनिवारी तिची मिस्सा आहे. बोलवायला आलोय."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस वर्षांत जावई एकदा आला नाही. कुठं होता?"

गिरीज तिथून रिक्षानं वीस मिनिटांवर होतं. इग्नेशियस उन्हात उभा राहिला.

"रस्ता माहीत नव्हता," तो म्हणाला.

सायमननं सुई कानामागं खोचली. मग दारातून बाजूला झाला आणि आत तोंड करून ओरडला, "एक पान वाढवा गं."

"दोन," मागून फ्लॉसीबाय म्हणाली.